हट्टविलासिनी : हळदीचे औषधपण आणि प्रसाधनपण

काही मूलभूत प्रश्न आपल्याकडे करखात्याच्या कचेरीत विचारले गेले आहेत. हळद आणि चंदनाचे तेल घातलेले मलम हे औषध म्हणायचे की सौंदर्यप्रसाधन, हा त्यांपैकी एक. १९७८ साली तो न्यायालयात पोचला आणि त्याचे शेवटचे उत्तर मिळायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. खटल्याच्या एका बाजूला केंद्रीय उत्पादन शुल्क खाते होते, दुसऱ्या बाजूला विको लॅबोरेटरीज. मराठी वाचकाला या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. तरीही एवढे सांगायला हवे, की केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला सुरू केलेला हा उद्योग आधी दंतमंजनासाठी ओळखला गेला आणि हळदीचे क्रीम त्याने १९७५ साली बाजारात आणले. त्या क्रीमचे जाहिरातगीत पुढे घरोघर पाठ झाले आणि त्यातही ते स्वतःला प्रसाधन म्हणवून घ्यायला साफ नकार देत होते. न्यायालयातली कैफियत ठेक्यावर गाणारी दुसरी जाहिरात प्रस्तुत लेखकाला तरी आठवत नाही.

वादाचे कारण सरळ होते. त्या वेळच्या शुल्कसूचीत पेटंट औषधांची बाब 'चौदा ई' आणि प्रसाधनांची बाब 'चौदा एफ' अशा लगोलग होत्या. केवळ आयुर्वेदीय, युनानी, सिद्ध किंवा होमिओपॅथिक असलेली औषधे पहिल्या बाबीतून वगळलेली होती. म्हणजे मलम आयुर्वेदीय औषध ठरले तर सवलत, प्रसाधन ठरले तर चढा कर. प्रसाधन ही चैन आणि औषध ही गरज, हे त्यामागचे गृहीत. हे गृहीत कितपत जुने आहे याचा शोध घेऊ लागलो, की मात्र पायाखालची वाट निसरडी होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. प्रत्येक गटात दहा द्रव्ये, आणि गटाचे नाव त्यांच्या कार्यावरून. त्यांतला एक गट 'वर्ण्य', म्हणजे कांती सुधारणाऱ्या द्रव्यांचा. त्यात चंदन आहे, वाळा आहे, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आहेत. हळद नाही. हळद सापडते ती 'कुष्ठघ्न' गटात. खैर, हिरडा, आवळा, बिब्बा, सातवीण, बाहवा, कण्हेर, वावडिंग आणि जाईची पालवी यांच्या पंगतीत ती बसली आहे. बिब्बा आणि कण्हेर ज्या पंगतीत आहेत ती पंगत काही शृंगाराची नव्हे. याखेरीज 'विषघ्न' आणि 'लेखनीय' या गटांतही तिचे नाव येते. तेव्हा चरकाच्या मांडणीकडे पाहिले तर त्या क्रीममधली हळद रोगाच्या बाजूची आणि चंदन कांतीच्या बाजूचे. सरकारी वकिलाला आणि कंपनीच्या वकिलाला अर्धी अर्धी नळी वाटून घेता आली असती!

अर्थात हे गट म्हणजे बंद कप्पे नव्हेत. एकच द्रव्य अनेक गटांत येते, आणि एका गटात नाही म्हणून त्या कामाचे नाही असेही नव्हे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने 'भावप्रकाशा'त हळदीचे गुण सांगताना वर्ण्य हा गुण आणि त्वचेचे दोष घालवण्याचा गुण शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्याने दिलेली हळदीची पर्यायनामे तर मुळातून वाचावीत अशी आहेत. 'कृमिघ्नी', म्हणजे जंत मारणारी. 'वरवर्णिनी', उत्तम वर्णाची. 'योषित्प्रिया', स्त्रियांची लाडकी. आणि 'हट्टविलासिनी', बाजारात विलास करणारी. औषध, रूप, आवड आणि व्यापार ही चारही अंगे निघंटुकाराने एका दमात सांगितली आणि त्यात त्याला काही विसंगत वाटले नाही. सांगलीच्या बाजारात राजापुरी हळदीचे सौदे होताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना शेवटचे नाव किती नेमके आहे ते कळेल.

आजच्या भाषेत ज्याला 'स्किनकेअर' म्हणतात त्याचा मोठा भाग आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'क्षुद्ररोग' या प्रकरणात येतो. क्षुद्र म्हणजे लहानसहान, पण रोगच. सुश्रुताने असे चव्वेचाळीस रोग मोजले, वाग्भटाने छत्तीस. तारुण्यपीटिका, वांग, चामखीळ, तीळ हे सगळे त्यात आहे. सध्या सुबक बाटल्यांतून विकले जाणारे कुंकुमादी तेल 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानात याच क्षुद्ररोगांच्या चिकित्सेत आले आहे. मुरूम हा आजार की रूपातला उणेपणा, हा प्रश्न वाग्भटाला पडला नव्हता.

त्याहून महत्त्वाची एक तिसरी जागा आहे आणि ती बहुधा नजरेआड होते. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. त्यात अभ्यंग आणि व्यायामानंतर उद्वर्तन येते, म्हणजे अंगाला चूर्ण चोळणे. मराठीतले 'उटणे' हे याच शब्दाचे लेकरू. वाग्भट त्याचे फळ सांगतो ते असे, की कफ कमी होतो, मेद विरघळतो, अवयवांना स्थैर्य येते आणि त्वचा प्रसन्न होते. हे रोग्याला दिलेले औषध नाही, कारण सांगितले आहे ते निरोगी माणसाला. ते प्रसाधनही नाही, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी ते केलेले नाही. ते दात घासण्याच्या आणि आंघोळीच्या रांगेतले रोजचे कर्तव्य आहे. औषध आणि प्रसाधन अशा दोनच खणांच्या कपाटात या तिसऱ्या गोष्टीला जागा नाही आणि आपल्या घरांतली हळद बव्हंशी याच तिसऱ्या खणातली होती.

शुद्ध प्रसाधनाची परंपरा आपल्याकडे नव्हती असा याचा अर्थ नव्हे. ती वेगळ्या ग्रंथांत वाढली. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' हा अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त स्नानभोग आणि विलेपनभोग राजाच्या उपभोगांत मोजले आहेत, वैद्यकात नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुगंधी द्रव्ये कशी करावीत हे सांगणारा हा ग्रंथ आणि त्यावर जुनी मराठी टीका! वैद्यक आणि प्रसाधन यांत फरक करता येतो हे पूर्वजांना माहीत होते, असे यावरून दिसते. फरक होता तो ग्रंथाच्या हेतूत. वनस्पती तीच. वाळा वैद्याच्याही घरी जाई आणि गंध्याच्याही.

विसाव्या शतकात या मांडणीत एक नवा पाहुणा आला. मराठीत त्याचे नाव 'स्नो'. चेहऱ्यावर चोळताच नाहीसे होणारे, स्टीअरिक आम्ल आणि पाण्याच्या मिश्रणावर उभे असलेले हे पांढरे मलम विलायतेत 'व्हॅनिशिंग क्रीम' म्हणून ओळखले जाई. मुंबईत इब्राहिम पाटणवालांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' काढले आणि नटण्याला 'स्नो-पावडर करणे' हा मराठी वाक्प्रचार मिळाला. याच सुमारास आधीपासूनच शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' मराठी घरांत शिरला होता, आणि त्यात हळद हिरड्या-बेहड्यांबरोबर घरगुती उपचाराच्या रूपाने नांदत होती. फडताळात ग्रंथ आणि आरशापुढे स्नो, असा हा काळ. हळदीचे क्रीम म्हणजे या दोहोंचे लग्न होते. द्रव्य निघंटूतले, वाहक विलायतेचा. पूर्वी हळद दुधात, सायीत, तेलात किंवा डाळीच्या पिठात कालवली जाई आणि तिचा डाग हा तिच्या वापराचाच भाग असे. लग्नातली हळद तर डागासाठीच लावतात. नव्या प्रसाधनशास्त्राला मात्र हळद हवी असते, तिचा पिवळेपणा नको असतो. म्हणून कर्क्युमिनपासून टेट्राहायड्रोकर्क्युमिन हे रंगहीन रूप तयार करून वापरतात. ज्या गुणामुळे ती 'कांचनी' झाली तो गाळून उरलेली हळद, असे तिचे वर्णन करता येईल.

१९७५ या सालाला आणखी एक अर्थ आहे. हिंदुस्तान लिव्हरचे 'फेअर अँड लव्हली' त्याच वर्षी आले. त्याचा हळदीशी संबंध नव्हता, पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वनौषधींच्या क्रीमांची भाषा त्याने ठरवून टाकली. 'वर्ण्य' या जुन्या शब्दाचा अर्थ हळूहळू 'गोरे करणारे' असा झाला. येथे थोडे थांबायला हवे, कारण चरकाच्या इंद्रियस्थानात प्रकृतिवर्ण, म्हणजे माणसाचे स्वाभाविक वर्ण, सांगितले आहेत ते कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. काळा हा त्यांत पहिला आहे. विकृतीच्या वर्णांची यादी निराळी, आणि तिच्यात निळ्या-तांबड्या-हिरव्याबरोबर शुक्ल, म्हणजे पांढरा, हाही आहे. ज्याचा जो वर्ण तो निरोगी आणि तेजस्वी ठेवणे हे वर्ण्य द्रव्याचे काम, असाच अर्थ यातून निघतो. मात्र परंपरेला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचा मोहही आवरायला हवा. त्याच संहितेच्या शारीरस्थानात गोऱ्या संततीची इच्छा धरणाऱ्या स्त्रीसाठी विधी सांगितला आहे. गोरेपणाचे आकर्षण नळीतून आलेले नाही. नळीने एवढेच केले, की काळ्या वर्णाला स्वाभाविक म्हणणारी दुसरी यादी पुसून टाकली. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. चाळीस वर्षांत शब्दाला चिकटलेला अर्थ इतक्या सहजी सुटेल असे वाटत नाही.

आता खटल्याकडे परत येऊ. १९४० चा औषधांचा कायदा १९६२ च्या दुरुस्तीने 'औषधे व सौंदर्यप्रसाधने' यांचा कायदा झाला आणि १९६४ च्या दुरुस्तीने त्यात आयुर्वेदीय औषधे आली. प्रसाधनाची व्याख्या स्वच्छता, सौंदर्य आणि रूपपालट या हेतूंवर बेतली होती, औषधाची रोगाचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांवर. दिनचर्येचा खण येथे कायमचा बंद झाला. गंमत अशी, की आयुर्वेदीय औषध कोणते हे ठरवण्यासाठी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी दिली आहे आणि तिच्यात चरकसंहिता, अष्टांगहृदय, भावप्रकाश हे सगळे आहेत. ज्या ग्रंथांत ही रेघ नाही, ते ग्रंथ रेघ मारण्यासाठी साक्षीला बोलावले गेले.

न्यायालयांनीही या साक्षीदारांना फार बोलू दिले नाही. त्यांनी एक वेगळी कसोटी पुढे ठेवली, ती म्हणजे सामान्य व्यवहारात, बाजारात, लोक या वस्तूला काय समजतात? नागपूरच्या बैद्यनाथ आयुर्वेद भवनाचे लाल दंतमंजन या कसोटीला उतरले नाही. त्यातली द्रव्ये प्रमाणग्रंथांतली होती, परवाना औषधाचा होता, पण लोक सकाळी उठून दात घासायला ते वापरतात, आजार बरा करायला नव्हे, म्हणून ते प्रसाधनाच्या वर्गात गेले. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकात असा निर्णय दिला आणि २००९ मध्ये त्याला दुजोरा दिला. सैनिकांना उंच प्रदेशात फुटलेल्या ओठांसाठी पुरवले जाणारे मलमही २००३ मध्ये प्रसाधनच ठरले. उलट विकोच्या बाजूने २००४ च्या अखेरीस निकाल लागला, आणि २००६ मध्ये 'पुमा आयुर्वेदिक' या कंपनीच्या कडुनिंबाच्या फेसपॅकसारख्या वस्तू औषधे ठरल्या. दंतमंजन प्रसाधन आणि फेसपॅक औषध! प्रत्येक निकालाला त्याची कायदेशीर कारणे आहेत, त्यांची चेष्टा करण्याचा येथे हेतू नाही. पण सामान्य माणसाच्या समजुतीवर उभ्या असलेल्या कसोटीचे निकाल सामान्य माणसाला सांगितले, तर तो बुचकळ्यात पडेल हेही खरे.

या सगळ्याच्या मधोमध, नव्वदीच्या दशकात, एक वेगळेच प्रकरण घडले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट दिले गेले, क्रमांक ५४०१५०४. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला १९९६ मध्ये आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. ही पद्धत नवी नाही, हे लेखी दाखवणे भाग होते. आजीने हळद लावली ही साक्ष पेटंट कार्यालय घेत नाही. म्हणून बत्तीस संदर्भ गोळा केले गेले. त्यांत जुन्या ग्रंथांचे उतारे होते, तसाच 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मधला १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट रद्द करवून घेतल्याचे हे पहिले यश म्हणून योग्यच गाजले, आणि पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

हे दोन प्रसंग आपण सहसा शेजारी ठेवून पाहत नाही. वॉशिंग्टनमध्ये भारताचा युक्तिवाद होता, की हळद आमच्या घराघरांत, रोज, वैद्याला न विचारता त्वचेवर लावली जाते, म्हणूनच तिचे औषधी ज्ञान आमचे आणि जुने आहे. मायदेशी करखात्याचा युक्तिवाद होता, की ही नळी घराघरांत, रोज, वैद्याच्या चिठ्ठीवाचून, किराणा दुकानातून घेतली जाते, म्हणूनच ती औषध नव्हे. वस्तुस्थिती एकच, निष्कर्ष परस्परविरुद्ध, आणि दोन्ही युक्तिवादांच्या मागे तेच सरकार. कोणी म्हणेल, की पेटंट ज्ञानाबद्दल होते आणि कर वस्तूबद्दल, त्यामुळे यात विसंगती नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण रोजच्या वापराने ज्ञानाला प्रतिष्ठा येते आणि वस्तूची प्रतिष्ठा जाते, हे मान्य केले तर दिनचर्येतल्या औषधाला उभे राहायला जागाच उरत नाही. त्याला एक तर रोगाची चिठ्ठी आणावी लागते किंवा रूपाची जाहिरात करावी लागते. बाजाराने दुसरा मार्ग निवडला, त्यात नवल नाही.

विज्ञानाकडून या वादात निवाडा मिळेल अशी आशा होती, ती अजून पुरी झालेली नाही. हळदीतला पिवळा घटक १८१५ मध्ये वेगळा केला गेला आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना कळली. त्यानंतर त्यावर हजारो शोधनिबंध झाले. पण २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या एका विस्तृत आढाव्याने दाखवून दिले, की कर्क्युमिन हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना तो सहज चकवतो, त्यामुळे औषध म्हणून त्याचे यश सिद्ध झालेले नाही. हा आढावा कर्क्युमिनचा आहे, अख्ख्या हळदीचा नव्हे, हे हळदीच्या बाजूने म्हणता येईल. मात्र ज्या नळ्यांवर 'कर्क्युमिन' हा शब्द ठळक छापलेला असतो, त्यांना ही पळवाट मिळू नये.

कायद्याने पुढे स्वतःच्या रेघेवर एक छोटा पूल बांधला. २०१० मध्ये औषध नियमांत १५८-ब हा नियम आला. त्यात आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी 'सौंदर्य प्रसाधक' असा एक प्रकार मान्य केला आहे. त्वचा, केस, दात आणि शरीर यांच्या निगेसाठीचे औषध. उद्वर्तनाला मिळालेली ही पहिली कायदेशीर ओसरी म्हणता येईल. कराच्या कायद्याने मात्र ती ओसरी पाहिलेली नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा आयुर्वेदीय औषधांवर १२ टक्के आणि त्वचेच्या प्रसाधनांवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा दर १८ वर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांचा दर ५ टक्के झाला, चेहऱ्याच्या क्रीमचा १८ च राहिला. तेरा टक्क्यांचे अंतर म्हणजे वकिलांना पुरेसे काम.

खोबरेल तेलाचेच पाहा. ते खाण्याचे की केसांचे, हा प्रश्न अशीच वर्षानुवर्षे वाट पाहत होता. लहान बाटलीत भरले की ते केसांचेच, असे खाते म्हणे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दोन दिशांना गेले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला, की खाद्यतेल म्हणून विकलेले शुद्ध खोबरेल केवळ बाटली लहान आहे म्हणून केशतेल होत नाही. कोकणातल्या ज्या घरांत एकाच बाटलीतले तेल फोडणीला आणि वेणीला वापरले जाते, तिथे या निकालाची बातमी वाचून कोणी काय म्हटले असेल याची कल्पनाच केलेली बरी.